टेम्पोभर रद्दी आणि ३५ जिल्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचनालयाने पुस्तके रद्दीत काढल्याबद्दल संताप व्यक्त करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. टेम्पोत पोती चढतानाचा फोटो आमच्या गावच्या ग्रुपवरही फिरून गेला. ते वाचनालय आमचे नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावाच्या वाचनालयात मी ग्रंथनिवड समितीवर बरीच वर्षे आहे आणि अशी पोती माझ्या हातानेही शिवली आहेत, म्हणून लिहितो.

पोत्यात काय होते ते फोटोत दिसत नाही. आमच्या गेल्या खेपेच्या पोत्यात स्पर्धा परीक्षेचे एक जाडजूड मार्गदर्शक होते. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ उत्तर : ३५. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्यानंतरही ते पुस्तक कपाटातच होते आणि आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के पडत होते. म्हणजे गावातली मुले आमच्याकडून चुकीचे उत्तर घरी नेऊन पाठ करत होती, वर उशीर झाला तर दंडही भरत होती! कायद्याच्या पुस्तकांचे तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या खटल्यांसाठी वकिलाला जुनी दंड संहिता लागते, पण ती त्याच्याकडे असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला ती देऊन काय साधणार? शिवाय आमच्याकडचा पाऊस. बुरशी धरलेले एक पुस्तक शेजारची चार घेऊन जाते, आणि कसर लागली की पाने चाळणीसारखी होतात.

तेव्हा पुस्तके बाद करावीच लागतात. त्याची रीतही आहे. ग्रंथपाल यादी करतो, समिती प्रत्यक्ष पुस्तके पाहते, कार्यकारी मंडळात ठराव होतो, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकासमोर ‘बाद’ अशी लाल शाईची नोंद होते, रद्दीचे पैसे जमेला लागतात. कागदावर सगळे चोख असते. अडचण त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

अलीकडची आधी सांगतो. पुस्तक आत येते कसे? टेबलावर दोरीने पेन बांधलेली मागणी वही असते. शासनाची ग्रंथनिवड समिती मान्य ग्रंथांची यादी काढते, तीही समोर असते. सावकाश बसून निवड करायची म्हटली तर करता येईल. पण अनुदानाचा हप्ता मार्चच्या तोंडावर हाती आला की सगळेच बदलते. ३१ तारखेच्या आत पावत्या लागतात. विक्रेता गठ्ठा बांधूनच येतो. ज्या प्रकाशनाची छापील किंमत फुगवलेली, त्यावर सूट भरघोस. मागणी वहीत एका शेतकऱ्याने आंबा मोहोरावरच्या रोगांचे पुस्तक मागितलेले असते, आणि आम्ही घेतो थोर पुरुषांच्या बत्तीस-बत्तीस पानी चरित्रांचा संच, कारण त्याने आकडा भरतो. मीही अशा पावत्यांवर सह्या केल्या आहेत. त्या संचातली निम्मी पुस्तके पान न उलगडता म्हातारी झाली.

आकड्याचे म्हणण्याचे कारण असे की शासनाकडून वाचनालयाचा अ, ब, क, ड यातला वर्ग ठरताना ग्रंथसंख्या मोजली जाते. वर्ग घसरला तर अनुदान घसरते. मग तपासणीत संख्या दिसावी म्हणून मेलेली पुस्तकेही फळीवर उभी राहतात. भेटीदाखल आलेलीही. कुणी घर रिकामे करताना आजोबांची पेटी आणून देतात, तीत बिनमुखपृष्ठाचे दिवाळी अंक आणि एका कादंबरीचा फक्त दुसरा भाग. घेतले नाही तर राग, टाकले तर महिनाभर बोलणे बंद! भिंतीवर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची पाच सूत्रे फ्रेम करून लावली आहेत. ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ या पाचव्याचा अर्थ आम्ही नवीन कपाट घेणे एवढाच केला.

आता पलीकडची अडचण, आणि यात चूक माझी आहे. काही वर्षांपूर्वी बाद यादीत एक स्मरणिका होती. गावच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाची, पिवळी पडलेली, टाचण्या गंजून मधली पाने सुटलेली. कैक वर्षांत कुणी नेली नव्हती. मी बरोबरची खूण केली. पुढच्याच मे महिन्यात पुण्याहून एक बाई आल्या. त्यांचे वडील त्या शाळेत शिक्षक होते, स्मरणिकेत त्यांचा एकुलता एक फोटो आहे असे ऐकून आल्या होत्या. ग्रंथपालाने नोंदवही उघडली, लाल शाईवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. रद्दीवाल्याकडेही जाऊन आलो. काही उरले नव्हते.

मार्गदर्शकाला लावलेली फूटपट्टी मी स्मरणिकेला लावली. ३५ जिल्ह्यांचे पुस्तक उद्या बाजारात नव्याने मिळेल. गावचा इतिहास, देवस्थानाचा अहवाल, सोसायटीची जुनी पत्रके यांची दुसरी प्रत कुठेच नसते, आणि ‘किती वर्षे कुणी नेले नाही’ हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. अशा गोष्टींसाठी आता आमच्याकडे कुलूपबंद एक वेगळे कपाट आहे. ते देवघेवीत नाही, तिथेच बसून वाचायचे.

दुसरे, बाद यादी ठरावाआधी महिनाभर फलकावर लागते. ज्याला आक्षेप आहे त्याने पुस्तकासमोर नाव आणि कारण लिहायचे. पहिल्या वेळी पाच-सहा नावे आली. एका निवृत्त कंपाउंडरनी वनौषधींचे एक पुस्तक वाचवले. तसे चित्रांसकट पुस्तक आता छापत नाहीत, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. शेजारी खरेदीची यादीही लावतो. ती लावायला लागल्यापासून गठ्ठेवाल्याची मार्चमधली फेरी बंद झाली आहे.

त्या वाचनालयाच्या सभासदांनी रद्दी का काढली हे विचारण्यापेक्षा यादी कुठे लावली होती हे विचारावे, आणि ३१ मार्चच्या पावत्याही मागाव्यात. शासनाने वर्ग ठरवताना फळीवरच्या संख्येइतकीच देवघेव मोजली, तर निम्मी पोती आधीच शिवली जातील. आमची यंदाची बाद यादी येत्या एक तारखेला लागते आहे. गावाबाहेर गेलेल्या जुन्या सभासदांनी येऊन पाहावी. मंगळवारी वाचनालय बंद असते.

आपला,
ग्रंथनिवड समितीचा एक सदस्य, जि. रत्नागिरी