अठरा किलो

नागपूर, २ जून

प्रिय दिल्या,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग वाच. दिवाळीपासून फोन नाही, वहिनींच्या आई गेल्या तेव्हा आलो नाही, संक्रांतीला तू तिळगुळाचा फोटो पाठवलास तर नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो. सगळं कबूल. गुडघा तसाच आहे, शुगर काठावर आहे, आईचे कान आता तिच्या सोयीनं चालू-बंद होतात. झालं तब्येतीचं.

फोन न करता पत्र लिहून राहिलो, कारण फोनवर तू मध्येच हसतोस आणि तू हसलास की मी विषय बदलतो. हा विषय आता बदलायचा नाही.

ओम पडला, बे. आता बरा आहे. कूलरसमोर पसरून पन्हं पिऊन राहिला आणि आईवर डाफरून राहिला, म्हणजे बराच आहे. पण बारा दिवसांपूर्वी सेमिनरी हिल्सच्या उतारावर भर उन्हात पाठीवर अठरा किलो घेऊन तो पालथा पडला होता. आणि ते अठरा किलो मी मोजून दिले होते. माझ्याच दुकानातली पुट्टी, माझाच काटा. साडेसतरा भरत होते, तर मी वर अर्धा किलो खिळे टाकले. म्हटलं, पोट्ट्याला कमी नको पडायला.

तू विचारशील अठराच का. तर टीव्हीवर तसं आहे.

ते इंग्रजांच्या एसएएस कमांडोंवरचं ‘एसएएस: हू डेअर्स विन्स’ तुला माहीत असेल, किंवा तू पाहिलंही नसशील. २०१५ पासून चालू आहे. साधी माणसं घेतात, नाव काढून हातावर नंबर बांधतात आणि निवृत्त कमांडो त्यांना थंड पाण्यात बुडवतात, डोक्यावर पिशव्या घालून चौकशीला बसवतात. बक्षीस नाही, पैसे नाहीत, ज्याला सोडायचं त्यानं नंबर काढून द्यायचा आणि चालायला लागायचं. ओमनं मोबाईलवर तुकडे पाहायला सुरुवात केली, मग दोघं मिळून टीव्हीवर पाहू लागलो. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. दिवसभर दुकानात नळाचे कोपर आणि टाकीचे व्हॉल्व्ह विकणारा माणूस मी. रात्री कोणीतरी कोणाच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडायचं आणि मी पायावर पाय टाकून म्हणायचो, “हा टिकत नाही बघ.” तुझी वहिनी म्हणायची, तुम्ही जिना चढून पाणी भरा आधी.

त्यांच्या खऱ्या निवडीत एक चाल असते. वेल्समध्ये पेन-य-फॅन नावाचा डोंगर आहे, त्यावरून चढून-उतरून २४ किलोमीटर, पाठीवर साधारण १८ किलो, वर बंदूक, चार तासांच्या आसपास. मी उंची शोधली. ८८६ मीटर! अबे, आपला चिखलदरा त्याहून उंच आहे. चिखलदऱ्याला आपण बारावीनंतर गेलो तेव्हा तू रात्रभर ओकत होतास, ते आठवून मी ओमसमोर लई हसलो. त्याला म्हटलं, हे काय, एवढं तर दिलीपकाका पान खात करेल. इथंच चूक झाली असं वाटते. डोंगराची उंची पाहिली, बाकी काही पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेदहाला गेला तो. मी म्हटलं होतं पाचला जा. तर म्हणे, सोप्या वेळेला करून काय फायदा. डोक्याला दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही (कांद्यानं काही होत नाही हे मलाही माहीत आहे, पण आई विचारते म्हणून लिहिलं), पाण्याची एक बाटली. मे महिन्यातलं नागपूर तुला सांगायला नको. २०१३ ला ४७.९ झालं होतं तेव्हा तू सुटीवर आला होतास आणि म्हणाला होतास की राजस्थानात परत पाठवा.

त्याला वाचवलं एका टरबूजवाल्यानं. फुटाळ्याकडे उतरताना कडुनिंबाखाली हातगाडी असते त्याची. त्यानं सांगितलं, पोरगा सरळ येत नव्हता, दारू प्यायल्यासारखा रस्ता मोजत येत होता आणि अंगाला घाम नव्हता. मग पडला. टरबुजांवर टाकलेली ओली गोणपाटं त्यानं ओढली, ओमच्या अंगावर टाकली आणि बर्फाच्या पाण्याची अख्खी कॅन डोक्यापासून पायापर्यंत ओतली. नंतर डॉक्टर म्हणाले, त्या वेळी यापेक्षा चांगला इलाज आम्हीही केला नसता. मी पोचलो तेव्हा ओम डोळे अर्धवट उघडे ठेवून त्या टरबूजवाल्याला म्हणत होता, “येस स्टाफ. येस स्टाफ.” त्या कार्यक्रमात उस्तादाला स्टाफ म्हणतात. तो बिचारा मला विचारतो, साहेब, हा कोणत्या ऑफिसात आहे?

हस. मीही हसलो, चौथ्या दिवशी. त्याआधी तीन दिवस सलाईन, आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची. स्नायू फुटून रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडात जाऊन बसतात म्हणे. सीपीके नावाची तपासणी असते, शे-दोनशेच्या आत असायला पाहिजे, त्याची बावीस हजार आली. रात्री तो झोपला की मी पिशवीतला रंग बघत बसायचो. काळा, मग तपकिरी, मग हळदीसारखा. हळदीसारखा झाला तेव्हा वॉर्डातल्या मावशींना मी पेढे आणून दिले, त्यांना वाटलं नातू झाला.

त्या रात्री जागून मी पहिल्यांदा नीट शोधून वाचलं. कार्यक्रम आठ-दहा दिवसांत उरकतो. खरी निवड पाच-सहा महिने चालते, त्यातले पहिले चार आठवडे नुसते डोंगर. आणि डोंगरावर कोणी ओरडत नाही! परीक्षक वही घेऊन बसलेला असतो, तो पुढचं ठिकाण सांगतो, शाब्बास नाही, लवकर कर नाही. माणूस एकटा, नकाशा एकटा. उशीर झाला का, हेही सांगत नाहीत. आता हे टीव्हीवर कसं दाखवणार? दहा तास एक माणूस चिखलातून चालून राहिला आहे आणि कोणी काही बोलत नाही, असा कार्यक्रम कोण पाहील? म्हणून ओरडणं. मग मी जुना एक भाग परत लावला, आवाज बंद करून. एक पोरगी नदीत छातीपर्यंत पाण्यात, दात वाजून राहिले. तेव्हा लक्षात आलं की जो तिचं चित्र घेतो आहे तोही त्याच नदीत उभा आहे. आणि चित्र जरासुद्धा हलत नाही. ती पंधरा मिनिटं उभी असेल, नाही तर तीन. डॉक्टर काठावर असणारच. थंडी खरी आहे, भीती खरी आहे, हाडं मोडतात तीही खरी. लांबी तेवढी कापून टाकली आहे. आणि तुझ्यासारख्यांना मारते ती लांबीच, हो ना?

तुला आठवते का, सुमीच्या साखरपुड्यात आमच्या मेहुण्यानं तुला विचारलं होतं, बेळगावचा कमांडो कोर्स म्हणजे टीव्हीत दाखवतात तसाच ना? तू वरणभात कालवत म्हणालास, “दहा झाले, वीस झाले, तीस झाले, मग चाळीस किलोमीटर. चाळीस किलोमीटर कोण ओरडत बसणार?” आणि वांग्याची भाजी मागितलीस. सगळ्यांना वाटलं तू भाव खातोस. नंतर वहिनींनी तुझ्या बहिणीला सांगितलं होतं की कोर्सहून आलास तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं तू पाकिटात घालून आणली होतीस, गंमत म्हणून, आणि त्या दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. ते पाकीट टीव्हीवर येत नाही.

आणखी एक वाचलं ते सांगतो. जुलै २०१३ मध्ये त्याच डोंगरांत, खऱ्या निवडीच्या चालीत, राखीव दलाची तीन माणसं उन्हानं मेली. २६ किलोमीटरची चाल होती. हवा किती गरम? तिशीच्या आतबाहेर. आपण तेवढ्यात स्वेटर शोधतो! अंगावर जीपीएसचं यंत्र होतं, माणूस हलत नाही हे त्यात दिसत होतं, तरी वेळेवर कोणी गेलं नाही. पुढं चौकशीत निष्काळजीपणा झाला असं ठरलं. आणि ते तयार गडी होते, बे. माझं पोरगं अठरा वर्षांचं, सहा महिने मोबाईल पाहून तयार झालेलं, आणि सोबत जीपीएस नाही, टरबूजवाला.

सगळ्यात मोठा विनोद ऐक. त्याला जायचं आहे अग्निवीरात. तिथलं पहिलं चॅलेंज काय? कॉम्प्युटरसमोर तासभर बसायचं, ५० प्रश्न, चुकलं तर गुण कापतात. मग १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांत गेला तर ६० गुण. दहा पुलअपचे ४०. नऊ फुटांचा खड्डा. अठरा किलोचा पिट्ठू कुठेच नाही! चार वर्षांनी चारातला एक ठेवतात, बाकी तीन घरी. मी त्याला म्हटलं, तू गणित कर. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला मेंटल स्ट्रेंग्थ कळत नाही.

आता जे सांगायला बसलो ते. तो हे म्हणाला आणि पुढे म्हणाला, “तुमचं तर रनिंग निघालं होतं. तळपाय सपाट नसते तर तुम्ही पण गेले असते.”

दिल्या, तू एकटा आहेस ज्याला हे वाक्य ऐकून काय होईल ते मला कळते. तळपाय. माझे तळपाय कोणी पाहिलेच नाहीत. १९९६ ला सैन्यभरतीच्या रनिंगमध्ये मी तिसऱ्या फेरीत बाजूला झालो आणि पाण्याच्या टँकरच्या सावलीत बसलो. कोणी ढकललं नाही, पायात गोळा आला नाही. पुढं तू दिसत होतास, तुझी ती फाटकी निळी बनियन, आणि मला वाटलं बस झालं. बसलो तर बरं वाटलं, एवढंच. घरी जाताना गोष्ट तयार केली, आणि तू ती मोडली नाहीस. लग्नात सासऱ्यांना तीच सांगितली. ओम चार वर्षांचा असल्यापासून तो तीच ऐकून राहिला. प्रत्येक वेळी थोडी छान होत गेली. मागच्या वर्षीपर्यंत मी पहिल्या पाचात आलो होतो.

तुझ्यावर तीन वर्षं रागावलो होतो ते यासाठी, आता कबूल करतो. सायकल विकलीस हे निमित्त. (सायकल विकलीसच. सातशे रुपये. विसरलो नाही.) तू वळून पाहिलं नाहीस याचा राग होता. कामठी इथून सोळा किलोमीटर, तू तिथं गार्ड्स रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला रगडा खात होतास आणि मी एकदाही भेटायला आलो नाही. तुझी आई लाडू माझ्याकडं द्यायची, ते मी दुसऱ्याच्या हातानं पाठवायचो. दोन-चार खाऊन.

ओमला सांगू का, हेच समजेना. तुझी वहिनी म्हणते, आत्ता सांगाल तर त्याला वाटेल थांबवायला खोटं बोलून राहिले. न सांगावं तर तो ऑगस्टमध्ये परत पिशवी भरेल, कारण त्याच्या डोक्यात बाप पायांमुळे राहिला, हिमतीमुळे नाही. पुट्टी मी दुकानातून काढून ठेवली आहे, पण नागपुरात पुट्टी काय एकाच दुकानात मिळते? आणि सैन्यात जाऊ नको असं मला म्हणायचंच नाही. जावं. पहाटे पाचला पळावं, गणित करावं, जावं. फक्त ज्या गोष्टीवर उभा राहून तो पळून राहिला ती मी टँकरच्या सावलीत बसून रचली आहे, हे मला रात्री झोपू देत नाही.

तुझं काय? रिया बारावीत किती पडली ते कळव, सिक्युरिटी कंपनीवाले पगार वेळेवर देतात का, आणि घराच्या गळतीचं काय झालं. मी सांगितलेलं केमिकल वापरलं नसशीलच. वहिनींना नमस्कार, त्यांच्या आईबद्दल मी स्वतः बोलेन.

तू ये. चार दिवस ये. गरीबरथाचं तिकीट काढ, स्टेशनवर मी येतो. पावसाच्या आधी आलास तर तर्रीपोहे, नंतर आलास तर सावजी. त्याला काही समजावू नको, तू समजावतोस तेव्हा कोणाला काही समजत नाही. नुसता सकाळी त्याच्याबरोबर फुटाळ्याला चाल.

काल त्यानं मला विचारलं, “बाबा, तुमची तिसरी फेरी किती सेकंदांत झाली होती?” मी म्हटलं, लक्षात नाही. तर म्हणतो, “दिलीपकाकांना माहीत असेल ना? ते होते ना सोबत?”

मी म्हटलं, होता.

तुझा,
बाळ्या