परळीचा उपाय दापोलीला चालणार नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळा आला की वीजटंचाईची चर्चा ‘किती मेगावॅट कमी पडले’ या एका आकड्याशी येऊन थांबते. प्रत्यक्षात मराठवाड्यात पाणी आटले की वीज अडते, विदर्भात पारा चढला की, आणि कोकणात वादळाने तारा तुटल्या की. हवामान बिघडेल तशी ही तिन्ही दुखणी वाढणार आहेत आणि तिन्हींवर एकच औषध चालणार नाही.

जुलै २०१५ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले, कारण गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणीच उरले नव्हते. शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या संचांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली ती एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची. या हिशेबाने २५० मेगावॅटचा एक संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर २१ हजार घनमीटर, म्हणजे २ कोटी १० लाख लिटर पाणी लागते. माणशी १३५ लिटर धरले, तर दीड लाख वस्तीच्या शहराचे ते एका दिवसाचे पाणी आहे. दुष्काळात पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क मिळतो आणि तो मिळालाच पाहिजे. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राने यातून वाट काढली, नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून वापरायची. पण परळीजवळ नागपूरएवढे शहर नाही, मग एवढे सांडपाणी आणायचे कुठून? तिथे वाढीव वीज सौरच हवी. पॅनल धुवायला पाणी लागते, पण त्याचा हिशेब टँकरांत होतो, धरणात नाही.

सौर कृषीपंपांचे वाटप जोरात आहे आणि रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जाण्यापासून शेतकऱ्याची सुटका होते, हे फार मोठे काम आहे. म्हणूनच त्यातल्या चुका वेळीच सुधारायला हव्यात. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ४,८०० वॅटचे पॅनल असतात. ही क्षमता पॅनलचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते. दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के घट धरली, तर १४ ते १६ टक्के वीज तिथेच जाते. त्यावर धुळीचा थर बसला की पंप दुपारीही दम टाकतो आणि शेतकरी मोटारीला दोष देतो. पॅनल पहाटे, थंड असतानाच धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारले तर ती तडकू शकते. बोअरच्या जड पाण्याने धुतले तर लगेच पुसून घ्यावे, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग कायमचे बसतात. खालच्या रांगेपुढे गवत किंवा तूर वाढू देऊ नये. पॅनल एकामागे एक जोडलेले असल्याने एकावर सावली पडली तरी सगळ्या माळेची वीज घटते.

याहून मोठा धोका जमिनीखाली आहे. पन्नास मीटर उपशाला हा पंप चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ९० हजार लिटर पाणी काढतो. एका एकराला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे २० हजार लिटर. ठिबकवर साडेचार एकर आरामात भिजते, मोकाट पाण्यावरचा ऊस मात्र भागत नाही. वीजबिल नसल्याने पंप दिवसभर चालू राहतो आणि मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी मुळातच थोडे मुरते. म्हणून पंपाबरोबर ठिबक सक्तीचे करावे. जास्तीचा उपसा शेततळ्यात साठवून चालणार नाही, कारण अस्तर घातले तरी उघड्या पाण्याची उन्हाळ्यात वाफच होते. त्यापेक्षा पंप गरजेपुरता चालवून उरलेली वीज कडबाकुट्टीला किंवा पिठाच्या गिरणीला वळवता येईल असा कंट्रोलर द्यावा.

कोयनेच्या जलविद्युत केंद्राबद्दल थोडेच. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवता येणारे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढेच आहे आणि तिथले संच काही मिनिटांत चालू होतात. दिवसा सौर वीज हाताशी असताना हे पाणी खर्चू नये, संध्याकाळी सात ते दहासाठी राखावे.

कोकणाचे दुखणे वेगळे. तिथे वीज असते, पण ती पोहोचवणारी तार टिकत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत कितीतरी गावे कित्येक दिवस अंधारात होती. भूमिगत केबल हा उपाय आहे, पण जांभ्यात चर खणणे महाग पडते आणि खाऱ्या दमट जमिनीत सांधे नीट बंद केले नाहीत तर केबल तिथेच फुटते. म्हणून आधी रुग्णालये आणि पाणीयोजनांच्या वाहिन्या घ्याव्यात. छतावरच्या सौर यंत्रणेविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. बॅटरी नसलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तसे मुद्दाम केलेले असते. म्हणजे वादळात छतावर पॅनल असूनही घरात अंधारच. किनाऱ्यावरच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा फ्रीज आणि दिव्यांपुरती तरी ३ किलोवॅट पॅनल, हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि ५ किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी बसवावी. दाट ढगांत वीज चौथाईवर येते, म्हणून पॅनल गरजेपेक्षा मोठे धरले आहेत. पॅनलचा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड असावा, नटबोल्ट स्टेनलेसचे असावेत आणि ते दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, आवळून घ्यावेत.

आपला,
एक वीज अभियंता, छत्रपती संभाजीनगर