मळणीनंतर थांबायला शिकवल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपण प्रथम आमच्याकडे आलात तेव्हा बियाणे, खते किंवा एखादी योजना घेऊन आला असाल, असे आम्हांला वाटले होते. आपण मात्र एवढेच विचारलेत, की मळणीनंतर धान्य घरात किती दिवस टिकते. ‘चार-आठ दिवस’ हे खरे उत्तर देताना आम्ही ओशाळलो. देणी फेडायची म्हणून सगळे एकाच वेळी विकायला काढतात, भाव कोसळतो आणि काही महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने, तेही उसनवारी करून, आम्हीच विकत आणतो. पीक बरे येऊनही हातात काही उरत नाही, याचा दोष तोवर आम्ही नशिबाला देत होतो.

आपण दिलेली तीन पदरी पिशवी आधी खेळण्यासारखी वाटली. आत प्लॅस्टिकचे दोन थर, बाहेर विणलेले पोते. तोंड घट्ट बांधले की आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड औषधाविना मरते. पहिल्या वर्षी एका पिशवीला उंदराने भोक पाडले, धान्य किडले आणि आम्ही आपल्याला नाही नाही ते बोललो. त्याची क्षमा मागायची राहून गेली होती, ती येथे मागतो.

पण पिशवी असली तरी घरखर्च थांबत नाही. त्यासाठी आपण बचत गट उभा केलात आणि १९९१ साली पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशातल्या स्त्रियांच्या गटांनी बाहेरचे भांडवल न घेता, आपसांतल्या बचतीतूनच कर्जे द्यायला कशी सुरुवात केली, ते सांगितलेत. जगातील सुमारे ६० कोटी शेतांपैकी सहांतली पाच दोन हेक्टरांहून लहान आहेत, हेही आपल्याकडूनच कळले. त्याने धीर आला, पण दुकानदाराची उधारी फिटली ती गटाच्या पेटीतल्या पैशांनी.

यंदा बहुतेक सभासदांनी मळणीनंतर चार महिने माल रोखून धरला. ज्यांची जमीन अगदीच थोडी आहे, त्या पाच घरांना मात्र तेव्हाच विकावे लागले. साठवलेले धान्य तारण ठेवून त्यांना गटातूनच कर्ज द्यावे, ही आपली जुनी सूचना आम्ही तेव्हा धुडकावली होती. ती परवाच्या बैठकीत मंजूर झाली आहे.

आपले ऋणी,
गटातील सर्व सभासद