भिंतीआडचे भरतकाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॅलेस्टाइनच्या बातम्यांत मृतांचे आकडे आणि युद्धबंदीच्या वाटाघाटी येतात, आणि त्या यायलाच हव्यात. परंतु तिथला समाज इतकी वर्षे एकमेकांना धरून कसा राहिला, हे क्वचितच छापून येते. इस्रायलने २००२ पासून वेस्ट बँकेत उभारलेली भिंत, जी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये आपल्या सल्लागारी मतात बेकायदा ठरवली, बेथलेहेमजवळच्या आयदा निर्वासित छावणीला अगदी खेटून जाते. त्याच छावणीत १९९८ पासून 'अल-रुवाद' हे केंद्र मुलांना नाटक आणि नृत्य शिकवत आले आहे; त्याचे संस्थापक अब्देलफत्ताह अबूसरूर या कामाला 'सुंदर प्रतिकार' म्हणतात.

भिंतीवर परदेशी कलावंतांनी काढलेली चित्रे जगभर गाजली, पण मला (चित्रकलेत फारशी गती नसल्यामुळेही असेल) 'ततरीझ' हे तिथल्या बायकांचे भरतकाम अधिक मोलाचे वाटते. फुलीटाक्याच्या नक्षीवरून झगा कोणत्या भागातला हे पूर्वी ओळखू येई. १९८७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या उठावात, पॅलेस्टिनी झेंडा फडकवण्यास बंदी असताना बायकांनी त्याचेच रंग झग्याच्या छातीवर भरले. २०२१ मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

आपल्या रविवार पुरवणीत या विषयावर एखादा सविस्तर, सचित्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे