पैसे कशाचे मोजतो आहोत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोळा आणि गणपती जवळ आले की नागपुरात चितारओळीपासून (मूर्तिकारांची वस्ती) मारबत-बडगे (मिरवून जाळायचे पुतळे) करणाऱ्या मंडळांपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते : 'खास कलाकारांसाठी' म्हणून विकले जाणारे इलेक्ट्रॉनिक्सचे तयार भाग म्हणजे लूट. काही भागांच्या बाबतीत ती खरीच आहे.

कापडावर शिवायची एलईडीची चकती बघा. एक एलईडी, एक रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा भाग), दोऱ्यासाठी दोन भोके, संपले. सुटा एलईडी रुपया-दोन रुपयांना पडतो. पाच व्होल्टवर लाल एलईडी दोनेक व्होल्ट घेतो, उरलेल्या तिनासाठी २२० ओहम लावले की साडेतेरा मिलिअँपिअर वाहतात. पांढरा तीन व्होल्ट घेतो, म्हणून त्याच रेझिस्टरवर ९ मिलिअँपिअर, तेही पुरतात. एलईडीचे पाय बारीक पकडीने वळवून कड्या करा, लांब पायाची (प्लस) गोल आणि आखूड पायाची चौकोनी, म्हणजे शिवताना उलटसुलट होत नाही. यासाठी पन्नास चकत्या विकत घेणे हा शुद्ध आळस आहे.

लिलीपॅडची, म्हणजे दिवे चालवणाऱ्या आणि कापडावर शिवता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डची, गोष्ट वेगळी. लिआ ब्यूकली यांनी तयार केलेला हा बोर्ड २००७ मध्ये बाजारात आला. त्याच्या मुख्य बोर्डावरची चिप अर्डुइनो उनो या नेहमीच्या प्रोग्रॅमेबल बोर्डावरचीच, मग जास्त पैसे कशाचे? भोकांमधल्या अंतराचे. अर्डुइनोच्याच साध्या, छोट्या नॅनो बोर्डची भोके २.५४ मिलिमीटरवर असतात. स्टीलच्या वीजवाहक दोऱ्याला इन्सुलेशन नसते. गाठीचे तंतू सुटून शेजारच्या भोकाला टेकले की शॉर्ट. या दोऱ्यावर साधा डाखही बसत नाही. लिलीपॅडची भोके मोठी, कडेला आणि दूर दूर असतात. कपडा अंगावर घालायचा असेल तर ती किंमत वाजवी आहे. देखावा जागचा हलणार नसेल तर मात्र मोटार वाइंडिंगवाल्याकडची इनॅमलची तार आणा, टोकांवरचा इनॅमलचा थर पॉलिश पेपरने घासून काढा आणि सरळ डाख द्या. शिवाय लिलीपॅडचा आराखडा खुला आहे. एक घ्या, समजून घ्या, पुढचे स्वतः जोडा.

रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीत मात्र महाग माल घेऊनही सुटका नाही. मीटरला ६० दिव्यांची पाच मीटर पट्टी म्हणजे ३०० दिवे. पूर्ण पांढऱ्या उजेडात प्रत्येकी ६० मिलिअँपिअरपर्यंत धरले तर १८ अँपिअर. तिला दोन अँपिअरचा मोबाइल चार्जर लावतात आणि शेवटचे दिवे तांबूस दिसले की पट्टीला नावे ठेवतात. लांबवर व्होल्टेज पडते; निळ्या-हिरव्याला ते जास्त लागते, म्हणून आधी तेच मंदावतात. उजेड प्रोग्रॅममध्येच एक तृतीयांशावर आणा, सहा अँपिअरच्या वर क्षमता असलेला पुरवठा घ्या आणि तो दोन्ही टोकांना जोडा. पट्टीच्या सुरुवातीला प्लस-मायनसमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बोर्डाकडून हुकूम नेणाऱ्या डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि बोर्ड व पट्टीचा मायनस एकच. तो वेगळा राहिला की दिवे वेड्यासारखे लुकलुकतात.

काटकसर करू नये ती लिथियम बॅटरीत. टीपी-४०५६ या चार्जिंग चिपचे स्वस्त मॉड्यूल बहुधा एक अँपिअरवर बसवलेले येते. ३०० मिलिअँपिअर-तासांच्या चपट्या सेलला तेवढा प्रवाह फार होतो, सेल फुगतो. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४ किलोओहमचा लावला की चार्जिंग ३०० मिलिअँपिअरवर येते, आणि १० किलोओहमवर १३०. पण तांदळाच्या कणीएवढा तो रेझिस्टर बदलण्याइतका हात बसलेला नसेल, तर छोट्या सेलसाठी बनवलेला तयार बोर्डच घ्यावा, दुप्पट पैसे देऊन.

आणि बडग्यात दिवे लावणाऱ्यांनी सेल हाताने ओढून निघेल अशा कप्प्यात ठेवावा. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत मिरवणूक संपते, बडग्याला आग लागते, आणि आत राहिलेला लिथियम सेल त्या आगीत फुटतो.

— एक वाचक, महाल, नागपूर