बैठक चार वाजता का ठेवायची?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘गरिबांना राजकारणात रसच नसतो,’ हे वाक्य तू अगदी सहज लिहून गेलास, आणि मी मात्र दोन दिवस त्याच्यापाशीच अडलोय.

रस कशाला म्हणायचं? महागाई, भाडं, मुलांची शाळा, पाणी यांवर रोजंदारीवर जगणारी माणसं पोटतिडकीने बोलतात. हेच तर राजकारण! पण बैठक दुपारी चारची असते. पगारी माणूस रजा टाकून येतो, त्याचा पगार चालूच राहतो. रोजंदारीवाल्याची त्या दिवसाची कमाई बुडते.

मत देणं हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग. ऑस्ट्रेलियात १९२२ साली साठ टक्क्यांहून कमी मतदान झालं. १९२४ मध्ये मतदान सक्तीचं केलं आणि १९२५ मध्ये ते नव्वद टक्क्यांपुढे गेलं. तीन वर्षांत लोकांची आवड थोडीच बदलते? भारतात तर मतदानाच्या रांगेत गरीब माणूस सुखवस्तू माणसाच्या मागे नसतो.

खरी गळती मतदानानंतर सुरू होते. निवेदन लिहायचं, अधिकाऱ्याला भेटायचं, पक्षाचं काम करायचं, शेवटी स्वतः उभं राहायचं. प्रत्येक पायरीला जास्त वेळ, जास्त पैसा, जास्त ओळखी लागतात. ब्रिटनमधल्या चार्टिस्ट, म्हणजे मताधिकारासाठी चळवळ करणाऱ्या कामगारांनी हे नेमकं ओळखलं होतं. १८३८ च्या त्यांच्या सनदेत मताधिकाराच्या जोडीला खासदारांना पगार द्या, अशीही मागणी होती, कारण पगाराशिवाय गिरणीतला माणूस संसदेत बसणार कसा? तो पगार सुरू व्हायला १९११ साल उजाडलं. वर्षाला ४०० पौंड. तोवर कामगारांच्या प्रतिनिधींना संघटनेच्या वर्गणीवर विसंबावं लागे. शिवाय मत प्रत्येकाला एकच असतं, देणगीला मात्र तशी मर्यादा नसते.

पण पैशाहून मला दुसरीच गोष्ट जास्त टोचते. मागे पाण्याच्या प्रश्नावर आम्ही बैठक घेतली. ज्या बाईला त्यातलं सगळ्यात जास्त कळत होतं, ती तासभर मागे भिंतीला टेकून गप्प बसली. नंतर विचारलं तर म्हणाली, “आमचं कोण ऐकतंय? तुम्हीच बोला, तुम्हाला बोलता येतं.” घरात लहानपणापासून वादविवाद ऐकलेला माणूस उठून बोलतो, आयुष्यभर ‘गप्प बस’ ऐकलेल्याला तोंड उघडायलाच बळ लागतं. मग मीच बोललो. तिचं पाणी रात्री दोनला येतं आणि झोपमोड करून भरावं लागतं, हे माझ्या बोलण्यात आलंच नाही. मला ते माहीतच नव्हतं. निर्णय झाला तो मी सांगितलेल्या अडचणींवर.

पुढची बैठक आम्ही रात्री आठला ठेवली आहे. मी तिच्या घरी जाऊन सांगून आलो. ती ‘बघते’ म्हणाली.

तूही ये. येऊन मागे, तिच्या शेजारी बस.

तुझाच मित्र