ई-स्पोर्ट्सची बातमी कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-स्पोर्ट्स, म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या गेमच्या स्पर्धा. हे आता टीव्हीवर फारसे दिसत नाही, म्हणजे ते चार दिवसांचे वेड होते आणि ओसरले, असे बोलणारे बरेच भेटतात. माझी उमेदीची वर्षे केबलच्या धंद्यात गेली. वाहिनी बंद पडते तेव्हा तिच्यासोबत काय काय जाते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र. शेवटी आपल्याकडे एक मागणेही आहे.

संगणकावरच्या खेळाला टीव्हीवर मानाचे स्थान मिळाले ते दक्षिण कोरियात. 1997च्या आर्थिक संकटानंतर तिथे ब्रॉडबँड झपाट्याने पसरले, ‘पीसी बांग’ नावाची गेम खेळायची दुकाने गल्लोगल्ली निघाली आणि 1998 मध्ये आलेल्या ‘स्टारक्राफ्ट’ या सैन्ये लढवण्याच्या गेमने तरुणांना झपाटून टाकले. 1999 मध्ये लहान मुलांच्या कार्टून वाहिनीवर या खेळाची स्पर्धा दाखवली गेली. प्रतिसाद एवढा मिळाला की 2000 मध्ये फक्त गेमसाठी ‘ऑनगेमनेट’ ही वेगळी वाहिनी निघाली. पाठोपाठ ‘एमबीसी गेम’ आली. 2004 मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामना झाला तेव्हा लाखभर लोक जमल्याचे सांगितले गेले. सॅमसंग, एसके टेलिकॉम, केटी अशा कंपन्यांनी संघ पोसले. सक्तीच्या लष्करी सेवेत खेळाडूंची उमेदीची वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून 2007 मध्ये कोरियन हवाई दलाने स्वतःचा संघ उभा केला. 2010 मध्ये एका स्पर्धेची अंतिम लढत गिम्पो विमानतळाच्या हँगरमध्ये झाली, कारण प्रायोजक कोरियन एअर होती.

या वाहिन्यांनी नुसते सामने दाखवले नाहीत, हे मला आवर्जून सांगायचे आहे. खेळ ज्या नकाशांवर खेळला जाई ते नकाशे त्या स्वतः तयार करवून घेत, कोणत्याही एका बाजूला झुकते माप मिळू नये आणि पाहणाऱ्याला रंगत यावी म्हणून. दोन्ही खेळाडूंचे सैन्य शेकडो ठिकाणी हलत असताना नेमके कुठे पाहायचे हे ठरवणारा ‘ऑब्झर्व्हर’ हा स्वतंत्र कसबाचा माणूस त्यांनीच घडवला. समालोचक तिथे घराघरांत ओळखले जाऊ लागले. एका कंपनीने विकायला काढलेल्या वस्तूचा खेळ झाला तो या मंडळींच्या मेहनतीने. त्यांचे श्रेय आज कुणी आठवत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मग हे मोडले कशाने? ‘इंटरनेट आले’ एवढे उत्तर पुरत नाही. 2010 मध्ये सामने ठरवून हरल्याची प्रकरणे उघडकीला आली, नामांकित खेळाडू त्यात अडकले, कायमची बंदी घातली गेली. त्याच सुमारास ‘स्टारक्राफ्ट’ची मालक कंपनी ब्लिझार्ड हिने परवानगीविना प्रक्षेपण केल्याबद्दल वाहिन्यांना कोर्टात खेचले. एवढी वर्षे आम्ही हा खेळ वाढवला, आता त्याचे पैसे मागता, ही तिकडची भावना. माल आमचा, हक्क आमचा, ही कंपनीची बाजू. मे 2011 मध्ये तडजोड झाली, पण खेळाची मालकी कुणाची यावर न्यायालयाचा निकाल काही आला नाही. 2011 मध्ये प्रायोजकांनी एकामागून एक संघ गुंडाळले. ‘एमबीसी गेम’ वाचवण्यासाठी चाहत्यांनी आटापिटा केला, तरी 2012च्या सुरुवातीला तिच्या जागी संगीताची वाहिनी सुरू झाली. ‘ऑनगेमनेट’ने ‘लीग ऑफ लेजंड्स’ या दुसऱ्या लोकप्रिय गेमच्या आधाराने आणखी काही वर्षे तग धरला. 2019 पासून मात्र त्या खेळाच्या मालक कंपनीने, म्हणजे रायट गेम्सने, कोरियातल्या लीगचे प्रक्षेपण स्वतःच्या हातात घेतले, सोलमध्ये स्वतःचे स्टेडियम थाटले, आणि 2020 संपता संपता ‘ऑनगेमनेट’ची जुनी ओळख जवळपास मिटली.

स्ट्रीमिंग, म्हणजे इंटरनेटवरून थेट दाखवणे, जिंकले याचे कारण केबलवाल्याला चटकन कळते. टीव्हीचा सगळा डोलारा वेळापत्रकावर उभा असतो. पाच डावांची लढत कधी तासाभरात संपते, कधी रात्र खाते. वाहिनीने पुढचा कार्यक्रम किती वेळ थोपवायचा आणि जाहिरातदाराला काय सांगायचे? यूट्यूबला किंवा ट्विच या गेम थेट दाखवणाऱ्या संकेतस्थळाला ही अडचणच नाही. शिवाय पाहणारा तिथे सामना चालू असतानाच बोलू शकतो आणि दुसऱ्या देशातही विनासायास तो सामना लावू शकतो. प्रेक्षक कुठेच गेलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना सोलमध्ये झाला, टी-वन हा कोरियन संघ जिंकला, आणि स्टेडियममध्ये जागा न मिळालेले चाहते ग्वांगह्वामुन चौकात थंडीत बसून मोठ्या पडद्यावर सामना पाहत होते.

त्याहून सुंदर गोष्ट जुन्या ‘स्टारक्राफ्ट’ची आहे. टीव्हीने 2012 मध्ये त्याची शेवटची मोठी लीग घेतली आणि हात वर केले. निवृत्त खेळाडू ‘आफ्रिकाटीव्ही’ या संकेतस्थळावर घरून खेळून दाखवू लागले, जुने प्रेक्षक परतले, आणि 2016 पासून तिथे त्या खेळाची लीग पुन्हा सुरू झाली. वाहिनीने सोडून दिलेला खेळ खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी जिवंत ठेवला. स्ट्रीमिंगवर टीका करणाऱ्यांनी एवढे तरी मान्य करावे.

तरीही काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. क्रिकेटचा चेंडू बनवणारा कारखाना क्रिकेटचा मालक नसतो. ई-स्पोर्ट्समध्ये मात्र खेळ बनवणारी कंपनी मालक असते, नियम तीच ठरवते, स्पर्धा अनेकदा तीच भरवते आणि आता प्रक्षेपणही तिच्याच चॅनलवर होते. कोरियात वाहिन्या मध्ये होत्या तोवर निदान दोन पक्ष होते. मधला माणूस गेला आणि अडचणीचा प्रश्न विचारणारे कुणी उरले नाही. कंपनीच्या पगारावरचा समालोचक कंपनीला काय विचारणार? बाहेरून विचारणारेही कमी झाले. अमेरिकेत ईएसपीएनने नोव्हेंबर 2020 मध्ये आपला ई-स्पोर्ट्सचा वार्तांकन विभाग बंद केला. स्ट्रीमिंगची दुकानेही काही कायमची नाहीत. कोरियातले नेटवर्क शुल्क परवडत नाही म्हणून ट्विचने फेब्रुवारी 2024 मध्ये त्या देशातून गाशा गुंडाळला आणि तिथल्या स्ट्रीमरना बिऱ्हाड हलवावे लागले.

आपल्याकडे हा प्रश्न लांबचा नाही. 2022च्या जून-जुलैमध्ये ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेमची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली. ती संपल्यावर महिनाही उलटला नव्हता, तोच 28 जुलैला सरकारी आदेशानुसार तो खेळ प्ले स्टोअरवरून काढला गेला आणि 2023च्या मे महिन्यात परतला. मधल्या काळात त्यावर पोट असलेल्या खेळाडूंचे काय झाले, त्यांचे करार टिकले की नाही, पगार मिळाले की नाही, हे मराठी वर्तमानपत्रांतून मला फारसे कळले नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली आणले. 2025च्या कायद्याने त्याला खेळ म्हणून मान्यता देऊन पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली. तरी आपल्या बातम्यांत रमी, फँटसी टीम आणि ई-स्पोर्ट्स हे सगळे ‘ऑनलाइन गेमिंग’च्या एकाच गाठोड्यात बांधलेले असते. जाकार्तात 2018च्या आशियाई खेळांत, प्रदर्शनीय स्पर्धेत, तीर्थ मेहता याने ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य जिंकले होते, त्याचे नाव आपल्या किती वाचकांना ठाऊक असेल?

म्हणून विनंती अशी की, आपल्या क्रीडा पानावर आठवड्यातून एकदा तरी ई-स्पोर्ट्सला जागा द्यावी, आणि ती कंपन्यांच्या प्रसिद्धिपत्रकांनी भरू नये. नुसते निकाल मुलांना मोबाइलवर मिळतातच. खेळाडूंशी करार कोणत्या अटींवर होतात, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या वतीने सही कोण करतो, बक्षिसाची रक्कम हातात कधी पडते, सामना ठरवून खेळल्याची तक्रार आली तर चौकशी कोण करतो, खेळच बंद झाला तर दाद कुठे मागायची, या प्रश्नांची उत्तरे वार्ताहराने मिळवावीत. पुण्या-मुंबईपुरते न थांबता जिल्ह्याच्या गावांतल्या मुलामुलींशीही बोलावे. मुलगा तासन् तास काय पाहतो हे न कळणारे हजारो पालक आजही सकाळी आपलेच वर्तमानपत्र उघडतात. त्यांना ही माहिती दुसरीकडून मिळणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, इचलकरंजी